गरब्याच्या रात्रीसाठी स्वतःचा ड्रेस स्वतः शिवायचाय? कापडाला कात्री लावण्याआधी हे समजून घ्या

गणपती गावाला गेले, चाकरमानी मुंबईला परतले की रत्नागिरीतल्या कॉलेजच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो : यंदा गरब्याला घालायचं काय?

मग रामआळीत एक फेरी होते. ट्रायल रूममध्ये एल साइज छातीला बसतो, पण कंबरेत ढगळ होतो. एम कंबरेत बसतो, पण हात वर केला की बगलेत काचतो. ऑनलाइन मागवलेला ड्रेस फोटोत लाल असतो आणि घरी येतो तेव्हा विटकरी. टेलरकडे जावं, तर घट बसायच्या तोंडावर त्यांच्याकडे कपड्यांचा ढीग लागलेला असतो आणि उत्तर ठरलेलं असतं : "आता दसऱ्यानंतरच."

अशा वेळी अनेक जणी तिसरा मार्ग शोधतात. घरात आईची किंवा आजीची शिलाई मशीन असते, मोबाइलवर एका मिनिटात ड्रेस तयार होणारी रील असते. मग आपणच का शिवू नये?

जरूर शिवावा. पण रील एका मिनिटाची असली, तरी पहिल्या ड्रेसला दोन-तीन पूर्ण दिवस लागतात आणि त्यातला अर्धा वेळ मशीनवर बसण्याआधीच जातो. ड्रेस बिघडतो तोही बहुतेक वेळा शिवताना नव्हे, तर त्याआधी : माप घेताना, कापड निवडताना किंवा तारीख ठरवताना. म्हणूनच या लेखात शिवण्याआधीच्या गोष्टी जास्त आहेत.

रेडिमेड ड्रेस नीट का बसत नाही? दोष अंगाचा की साइजचा?

ट्रायल रूममधून बाहेर पडताना बहुतेक मुली स्वतःलाच दोष देतात. 'माझे खांदेच रुंद आहेत', 'माझी कंबरच अशी आहे'. प्रत्यक्षात अडचण कपड्याच्या साच्यात असते.

रेडिमेड कपडा एका विशिष्ट शरीराचं माप धरून कापला जातो. मग तेच माप ठरावीक प्रमाणात वाढवून किंवा कमी करून बाकीचे साइज बनतात. म्हणजे छाती मोठी असेल तर कंबर, खांदा आणि मुंढाही त्याच प्रमाणात मोठा असणार, असं गृहीत धरलेलं असतं. माणसांची शरीरं अशी प्रमाणात वाढत नाहीत.

भारतात तर आणखी एक अडचण होती. इथले अनेक ब्रँड वर्षानुवर्षं अमेरिकी किंवा युरोपीय मापांच्या तक्त्यात थोडाफार फेरफार करून काम चालवत आले. त्यामुळे एका ब्रँडचा एम दुसऱ्याकडे एल असतो. याच कारणासाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे 'निफ्ट'ने केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या मदतीने 'इंडियासाइज' हा प्रकल्प हाती घेतला. देशातल्या सहा शहरांत १५ ते ६५ वयोगटातल्या सुमारे २५,००० स्त्री-पुरुषांची मापं थ्री-डी स्कॅनरने घेऊन भारतीय शरीरासाठी तक्ता बनवायचा, ही त्यामागची कल्पना.

थोडक्यात, ड्रेस बसत नसेल तर अंगात काही चूक आहे असं नाही. तो दुसऱ्याच कुणाच्या मापाने कापलेला असतो. स्वतः शिवण्याचा सगळ्यात मोठा फायदा इथेच आहे.

पहिल्यांदा शिवताना कोणता ड्रेस निवडावा?

ऑफ-शोल्डर, बॅकलेस, कळीदार चनिया-चोळी हे मोह पहिल्या खेपेला टाळलेले बरे. नवशिक्यांसाठी सोपा आणि तरीही रात्रीच्या कार्यक्रमाला शोभणारा प्रकार म्हणजे बिनबाह्यांची, अस्तर लावलेली चोळीसारखी वरची बाजू आणि तिला जोडलेला घेरदार स्कर्ट. मागे मधोमध चेन.

बिनबाह्यांचा का? कारण मुंढ्यात बाही बसवणं हे शिवणातलं सगळ्यात अवघड काम मानलं जातं. आणि अस्तर का? कारण अस्तर लावलं की गळा आणि मुंढा दोन्हींच्या कडा आपोआप आत जातात. वेगळी पट्टी किंवा पायपीन लावावी लागत नाही.

घेराचं गणित : कापड किती घ्यायचं?

दुकानात "ड्रेसला किती कापड लागेल?" असं विचारलं की उत्तर अंदाजाने मिळतं. घरी दोन मिनिटं आकडेमोड केली तर कापड कमीही पडत नाही आणि उरतही नाही. समजा कंबर ३० इंच आहे, स्कर्टची उंची ३६ इंच हवी आहे आणि कापडाचा पन्हा ४४ इंच आहे.

१. साधा चुण्यांचा स्कर्ट : पन्ह्याचे दोन तुकडे जोडले की घेर ८८ इंच होतो. म्हणजे कंबरेच्या जवळपास तिप्पट. चुण्यांसाठी एवढा पुरतो. दुमड आणि शिलाई धरून प्रत्येक तुकडा साडेअडतीस इंच लांब. एकूण ७७ इंच, म्हणजे साधारण २ मीटर कापड.

२. दोन थरांचा झालरीचा स्कर्ट : वरच्या थराला दोन पन्हे, खालच्या थराला चार. प्रत्येक तुकडा २० इंचांचा. एकूण १२० इंच, म्हणजे ३ मीटरला थोडं जास्त. खालचा घेर सुमारे साडेचार मीटर.

३. पूर्ण गोलाचा स्कर्ट : गिरकी घेतल्यावर छत्रीसारखा उघडतो तो हाच. यासाठी कंबरेला ६.२८ ने भागायचं. ३० भागिले ६.२८ म्हणजे पावणेपाच इंच. ही आतल्या गोलाची त्रिज्या. त्यात उंची आणि दुमड मिळवली की बाहेरची त्रिज्या पावणेबेचाळीस इंच येते. असे दोन अर्धगोल कापायला शिलाईसह साडेचार मीटर कापड लागतं आणि खालची कड साडेसहा मीटर भरते. तेवढी सगळी दुमडून शिवायची आहे, हे लक्षात ठेवायला हवं.

गोल स्कर्टची आणखी एक खोड आहे. गोल कापताना काही भाग उभ्या धाग्यावर येतो, काही आडव्या आणि काही तिरक्या, म्हणजे उरेब. उरेब भाग स्वतःच्या वजनाने लोंबतो. म्हणून हा स्कर्ट कंबरेला जोडून किमान एक दिवस हँगरवर टांगून ठेवतात, मग खालची कड पुन्हा समान कापतात आणि त्यानंतरच दुमडतात. हे टाळलं तर कार्यक्रमाच्या रात्री स्कर्ट एका बाजूला लांब दिसतो आणि दोष कटिंगवर येतो.

गरब्यासाठी दुसरा पर्याय, म्हणजे झालरीचा स्कर्ट, मधला मार्ग आहे. सगळे तुकडे सरळ चौकोनी, त्यामुळे कापायला सोपे. घेरही भरपूर. वरच्या चोळीसाठी आणखी १ मीटर धरलं, तर एकूण सव्वाचार मीटरमध्ये काम होतं.

रत्नागिरीच्या हवेत कोणतं कापड घ्यावं?

नवरात्र येतं तेव्हा पाऊस परतीच्या वाटेवर असतो, ऑक्टोबरची उष्मा सुरू झालेली असते आणि समुद्रकाठची दमट हवा रात्रीही सुकत नाही. त्यात दोन तास नाचायचं. त्यामुळे पुण्या-दिल्लीच्या रील्समध्ये छान दिसणारं मखमली किंवा जाड सॅटिन इथे अर्ध्या तासात नकोसं होतं.

* सुती, मलमल, कॉटन-सिल्क : घाम शोषतात, मशीनखाली सरकत नाहीत. पहिल्या ड्रेससाठी सगळ्यात योग्य.
* रेयॉन : झोकदार पडतं, अंगाला थंड लागतं. मात्र धुतल्यावर आटतं आणि कापताना थोडं सरकतं.
* जॉर्जेट, शिफॉन : दिसायला सुंदर, पण कात्रीखाली आणि सुईखाली पळतात. दुसऱ्या-तिसऱ्या ड्रेससाठी राखून ठेवावं.
* मखमल, जाड सॅटिन : कोकणात डिसेंबर-जानेवारीतल्या लग्नाच्या रिसेप्शनला ठीक.

वरचं कापड कोणतंही असलं तरी अंगाला लागतं ते अस्तर. म्हणून अस्तर सिंथेटिक न घेता सुती घ्यावं. ब्लाउजच्या अस्तराला वापरतात ते टू बाय टू किंवा कॅम्ब्रिक चालतं.

कापड घरी आल्यावर पहिलं काम कटिंगचं नाही. कापड आणि अस्तर दोन्ही पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करून घ्यायचं. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. वरचं कापड आटलं नाही आणि अस्तर आटलं, तर पहिल्याच धुण्यानंतर ड्रेसला आतून सुरकुत्या ओढल्यासारख्या दिसतात. हा दोष नंतर काढता येत नाही.

आईची साडी कापून ड्रेस शिवायचा असेल तर?

सध्या हा प्रकार खूप चालतो आणि गणितातही बसतो. साडीची लांबी पाच-साडेपाच मीटर असते, पन्हा साधारण ४५ इंच. युक्ती अशी, की साडी आडवी वापरायची. साडीची लांबी हा स्कर्टचा घेर आणि साडीचा पन्हा ही स्कर्टची उंची. म्हणजे साडीचा काठ आपोआप स्कर्टच्या खालच्या कडेला येतो आणि ती दुमडावीच लागत नाही. साध्या चुण्यांच्या स्कर्टला साडीतले सव्वादोन-अडीच मीटर पुरतात. उरलेल्यात चोळी निघते आणि पदर ओढणीसाठी शिल्लक राहतो.

पण आधी दोन गोष्टी तपासाव्यात. एक, साडी उजेडासमोर धरून बघावी. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम त्या घडीवरच विरतं. तसं दिसलं तर तो भाग चोळीला वापरू नये, तिथे ताण सगळ्यात जास्त येतो. दोन, साडी जिची आहे तिला विचारावं, आणि साडी तिच्या हातात देऊन विचारावं. कपाटात वीस वर्षं पडून आहे म्हणजे ती नको आहे, असं नसतं. ब्लाउज उसवून पुन्हा शिवता येतो. कापलेली साडी परत साडी होत नाही.

माप कसं घ्यायचं?

स्वतःचं माप स्वतः घेतलं की टेप मागे खाली घसरतो आणि आकडा चुकतो. बहीण, मैत्रीण, काकू, कुणालाही मदतीला घ्यावं. ड्रेसखाली जे घालणार तेच घालून माप द्यावं. उंची मोजताना त्या रात्रीच्या चपला पायात हव्यात. नाचायचं असेल तर कड जमिनीपासून दोन-तीन इंच वर ठेवलेली बरी.

या ड्रेससाठी सात मापं पुरतात : छाती, कंबर, सीट, खांदा, मुंढ्याचा गोल, खांद्यापासून कंबरेपर्यंतची उंची आणि कंबरेपासून खालची उंची.

मापाइतकाच ड्रेस कापला तर श्वास घेता येणार नाही. छातीला एकूण दोन ते तीन इंच सैलपणा लागतो. याशिवाय शिलाईसाठी जास्तीचं कापड सोडावं लागतं, त्याला शिवणाच्या भाषेत 'माया' म्हणतात. गळ्याला आणि मुंढ्याला अर्धा इंच माया पुरते. दोन्ही कुशींना मात्र पूर्ण एक इंच सोडावी, म्हणजे घट्ट झालं तर उसवून वाढवता येतं.

इथे गरब्यासाठी एक गोष्ट मुद्दाम समजून घ्यायला हवी. हात मोकळे हलावेत म्हणून अनेक जणी मुंढा खोल कापतात. परिणाम उलटा होतो. मुंढा खाली असेल तर हात वर गेला की हाताबरोबर सगळी चोळीच वर ओढली जाते. मुंढा बगलेच्या जवळ, पण न काचणारा असेल, तर हात वर जातो आणि चोळी जागेवर राहते. दांडिया डोक्यावर वाजवताना हा फरक लगेच कळतो.

कटिंग येत नसेल तर?

शिवणवर्गात कटिंग शिकवताना छातीच्या मापाचे भाग पाडायला शिकवतात. चौथा भाग पुढच्या अर्ध्या बाजूच्या रुंदीला, बारावा भाग गळ्याच्या रुंदीला. छाती ३६ असेल तर अनुक्रमे ९ आणि ३ इंच, त्यात सैलपणा आणि माया वेगळी.

हे गणित नको असेल तर सोपा उपाय आहे. अंगाला नीट बसणारा, न ताणणाऱ्या कापडाचा एखादा कुर्ता घ्यावा. तो मधोमध घडी घालून वर्तमानपत्रावर ठेवावा आणि पेन्सिलने कडा उतरवाव्यात. मग माया मिळवून कागद कापावा. टी-शर्टवरून मात्र असा कागद कापू नये. टी-शर्टचं कापड ताणतं, ड्रेसचं ताणत नाही. त्या मापाने कापलेला ड्रेस डोक्यातून खाली उतरणारही नाही.

कागदी पॅटर्नची ही कल्पना जुनीच आहे. अमेरिकेतल्या एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने १८६३ मध्ये वेगवेगळ्या साइजचे कागदी पॅटर्न विकायला सुरुवात केली आणि घरी कपडे शिवणाऱ्या बायकांचं काम सोपं झालं.

कागद तयार झाला की थेट नव्या कापडाला हात लावू नये. घरातल्या जुन्या चादरीतून फक्त चोळी कापून, मशीनवर लांब टीप मारून ती घालून बघावी. हात वर करावा, बसावं, गिरकी घ्यावी. जिथे ओढतं तिथे पेनाने खूण करावी आणि तेवढा बदल कागदावर करावा. या रंगीत तालमीला दोन तास लागतात आणि चार मीटर कापड वाचतं.

शिवण्याचा क्रम

चोळीचा पुढचा भाग अखंड आणि पाठीचे दोन तुकडे, असं कापलेलं हवं. खांदापट्टी किमान दोन इंच रुंद ठेवावी, नाहीतर चोळी उलटवताना अडकते.

1. टक्स असतील तर ते आधी शिवा.
2. वरच्या कापडाचे खांदे जोडा. अस्तराचे खांदे वेगळे जोडा.
3. दोन्हींच्या सुलट बाजू एकमेकींवर ठेवून गळा शिवा, मग दोन्ही मुंढे. कुशी उघड्याच ठेवा.
4. गोलाईवर कात्रीने छोटे कट द्या. टीपेला धक्का लागू देऊ नका. हे कट दिले नाहीत तर गळा उलटवल्यावर फुगतो.
5. पाठीचा एकेक तुकडा खांद्याच्या बोगद्यातून ओढून चोळी सुलट करा आणि इस्त्री फिरवा.
6. कुशी शिवा. वरचं कापड आणि अस्तर एकाच सलग टीपेत येतं.
7. स्कर्टच्या वरच्या थराचा मागचा तुकडा मधोमध उभा कापा. या मधल्या शिवणीचा वरचा सात-आठ इंच भाग चेनसाठी उघडा सोडा. कुशीच्या शिवणीत खिसे बसवा.
8. चुण्यांसाठी मशीनची सगळ्यात लांब टीप लावून दोन समांतर ओळी मारा. खालचे, म्हणजे बॉबिनचे दोरे ओढले की चुण्या पडतात. खालचा थर वरच्याला याच पद्धतीने जोडा.
9. कंबर आणि स्कर्ट दोन्हींवर चार समान भागांच्या खुणा करा आणि खुणेला खूण जुळवून जोडा. नाहीतर सगळ्या चुण्या एकाच बाजूला जमतात.
10. चेन लावा, ड्रेस घालून उंची बघा आणि शेवटी कड दुमडा.

प्रत्येक शिवणीनंतर इस्त्री करायची. घरी शिवलेला आणि टेलरने शिवलेला ड्रेस यात जो फरक दिसतो, तो बऱ्याचदा शिलाईचा नसून मधल्या इस्त्रीचा असतो.

खिशाचं काय?

मुलींच्या ड्रेसला खिसा नसणं ही जुनी तक्रार आहे. स्वतः शिवताना ती मिटवता येते. हात कागदावर ठेवून भोवती एक इंच जागा सोडून आकार काढा आणि तसे चार तुकडे कापा. पण मोबाइलचं वजन खिशाला खाली ओढतं आणि नाचताना तो मांडीवर आपटतो. म्हणून खिशाची वरची कड कंबरेच्या शिवणीत अडकवून घ्यावी, म्हणजे वजन कुशीवर न येता कंबरेवर येतं.

आजीची मशीन चालू करण्याआधी

कोकणातल्या पावसाळ्यात चार महिने बंद राहिलेल्या मशीनला गंज धरतो. आधी धूळ आणि बॉबिनजवळचा कापूस काढावा, मशीनचं तेल थेंब-थेंब सोडावं आणि टाकाऊ कापडावर भरपूर टिपा माराव्यात. तेल दिल्या दिल्या नवं कापड खाली घेतलं, तर डाग पडलाच म्हणून समजा.

सुई नवी लावावी. मलमलसारख्या पातळ कापडाला ११ नंबर, साध्या सुती कापडाला १४, जाड कापडाला १६. खालच्या बाजूला दोऱ्याचे फासे दिसत असतील, तर दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो : तो नीट ओवलेला नसतो किंवा त्याचा ताण सैल असतो.

वेळापत्रक : पितृपक्ष मध्ये येतो, हे विसरू नका

अनंत चतुर्दशी आणि घटस्थापना यांच्यामध्ये पितृपक्षाचा पंधरवडा असतो. अनेक घरांत या दिवसांत नवं कापड घेत नाहीत, नव्या कामाची सुरुवात करत नाहीत. जिथे हे पाळतात, तिथे कापड गणपतीच्या दिवसांतच घेऊन, भिजवून ठेवणं सोयीचं. पितृपक्षात मशीन दुरुस्त करणं, मापं घेणं, कागद कापणं आणि जुन्या चादरीवरची तालीम उरकता येते. नव्या कापडाला कात्री घट बसल्यावर लावायची असेल, तर ड्रेस पहिल्या माळेला नव्हे, अष्टमी-नवमीच्या रात्रीला घालायचा, असं आधीच ठरवावं. घाईत पहिल्या रात्रीचा हट्ट धरला की कड सेफ्टी पिनांवर राहते.

ज्यांच्या घरी हे पाळत नाहीत, त्यांनीही तीन आठवडे हाताशी ठेवावेत. शेवटचे दोन दिवस काहीही शिवू नये, फक्त ड्रेस घालून घरात नाचून बघावं.

हे शिकायचं कुठे?

घरी शिवणं मराठी घरांना नवं नाही. १८५१ मध्ये आयझॅक सिंगर यांनी अमेरिकेत आपल्या शिलाई मशीनचं पेटंट घेतलं आणि पुढच्या काही दशकांत ही मशीन भारतात पोहोचली. १९३० च्या दशकात कोलकात्यात 'उषा' ही देशी मशीन तयार होऊ लागली. यंत्रांवर टीका करणाऱ्या महात्मा गांधींनी १९२४ मध्ये एका संभाषणात सिंगरच्या शिलाई मशीनला मात्र अपवाद मानलं होतं.

महाराष्ट्रात शिवण हे बायकांच्या हाती स्वतःचा पैसा येण्याचं साधन ठरलं. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनात स्त्रियांना जी कामं शिकवली जात, त्यात शिवणही होतं. पुढे के. आर. झारापकर यांच्या 'झारापकर सिस्टीम ऑफ कटिंग' या पुस्तकावरून टेलरिंग शिकणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या तयार झाल्या. झारापकर हे आडनाव ज्या गावावरून आलं, ते झाराप कुडाळ तालुक्यात आहे. आज तो सिंधुदुर्ग जिल्हा असला, तरी १ मे १९८१ पर्यंत तो रत्नागिरी जिल्ह्याचाच भाग होता.

एका ड्रेसपुरतं शिकायचं असेल तर शेजारच्या शिवणवर्गात काही दिवस बसणं किंवा घरातल्या जाणत्या बाईकडून शिकणं पुरेसं आहे. गंभीरपणे शिकायचं असेल तर आयटीआयमध्ये 'ड्रेस मेकिंग' आणि 'सिव्हिंग टेक्नॉलॉजी' हे एक वर्षाचे अभ्यासक्रम असतात. प्रवेशाआधी जवळच्या संस्थेत ते चालतात का, हे विचारून घ्यावं.

मग यात पैसे वाचतात का?

नेहमीच नाही. कापड, अस्तर, चेन, दोरे आणि स्वतःचे दोन-तीन दिवस धरले, तर सेलमधला रेडिमेड ड्रेस स्वस्त पडू शकतो. फक्त एका रात्रीसाठी नवी मशीन विकत घेणं तर मुळीच परवडत नाही, ती मागून आणावी. कापड खूप महाग असेल, हेवी वर्क हवं असेल किंवा हातात आठवडाच उरला असेल, तर टेलरकडे जाणंच शहाणपणाचं. आणि एकदा तरी स्वतः मुंढा कापून बघितला की टेलर शिलाईचे पैसे कशाचे घेतात, हेही कळतं.

स्वतः शिवण्याचा फायदा वेगळा आहे. माप आपलं असतं, खिसा असतो, आणि कुशीत इंचभर माया असते. सेलमधल्या ड्रेसच्या कडा शिलाईलगत कापून ओव्हरलॉक केलेल्या असतात. वर्षभरात अंग थोडं भरलं की तो ड्रेस बाद होतो. घरी शिवलेल्या ड्रेसची कुशी उसवायची, अर्धा इंच सोडायचा, पुन्हा एक टीप मारायची. पुढच्या नवरात्रालाही तोच ड्रेस चालतो.